कोस, मैल आणि टपालाचा आणा

जालना इथून किती लांब आहे, असे आपल्या तालुक्यात कुणालाही विचारून पाहावे. एक जण किलोमीटर सांगतो. दुसरा एस.टी.ला लागणारा वेळ सांगतो. तिसरा तिकिटाचे पैसे सांगतो. तिघेही खरेच बोलत असतात, परंतु तिघांनी मोजलेली वस्तू एक नसते. पहिल्याने जमीन मोजली, दुसऱ्याने वेळ मोजला आणि तिसऱ्याने खर्च मोजला. अंतर या एका शब्दाखाली आपण या तिन्ही गोष्टी बिनदिक्कत एकत्र बांधतो आणि आपले काही अडतही नाही.

परंतु एक काळ असा होता, की या तिन्हींचा मेळ घालणे हे सरकारचे काम होऊन बसले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात पत्रावरचा आकार अंतरावर ठरत असे. म्हणजे पत्र किती कोस गेले हे ठरल्याशिवाय किती आणे घ्यावयाचे हे ठरत नव्हते. टपालासाठी रस्ते कसे मोजले गेले, त्या मोजणीत काय चुकत असे, त्या चुकीचा भार कोणावर पडत असे, आणि शेवटी ती सारी मोजणी बाजूस का ठेवावी लागली, हे या लेखात सांगावयाचे आहे. विषय कलकत्त्याचा आणि लंडनचा वाटेल. पण त्याचे धागे केळणा-पूर्णेच्या काठापर्यंत, आपल्या जाफराबादपर्यंत येऊन पोहोचतात.

इंग्रज येण्यापूर्वी या देशात अंतराला माप नव्हते असे मात्र नाही. कोस होता, अडचण इतकीच, की सगळीकडचा कोस एक नव्हता. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या काळचा सरकारी कोस ५००० गजांचा दिला आहे. इंग्रजांनी पुढे हा इलाही गज ३३ इंचांचा धरला. त्या हिशेबाने हा कोस अडीच मैलांहून थोडा अधिक भरतो. त्याच ग्रंथात बंगालकडील लोकांचे मापही नोंदले आहे. माणूस एका दमात जितके धावू शकतो तितके ते अंतर. कोणी म्हणतात, डोक्यावर हिरवे पान ठेवून झपाझप चालावे, आणि पान वाळेपर्यंत जितकी वाट सरेल तितके. आपल्याला याचे हसू येते. पण थोडा विचार केला तर ध्यानात येते, की हे माप जमिनीचे नसून चालणाऱ्याचे आहे. ऊन, वारा, चढ, चिखल हे सारे त्यात आपोआप धरले जाते.

मराठेशाहीतला टपालाचा व्यवहारही असाच वेळेच्या मापावर चाले. मराठीत ‘मजल दरमजल’ हा शब्दप्रयोग आहे. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. त्या काळच्या पत्रव्यवहारात जासूद आणि कासीद भेटतात. ते बहुधा जोडीने पाठविले जात. ‘अजुरदार जोडी’ असाही उल्लेख येतो. अजुरा म्हणजे मजुरी. अमुक दिवसांत पत्र पावते करावे आणि ठरलेला अजुरा घ्यावा, असा हा करार असे. पुणे आणि दिल्ली यांच्यामध्ये किती मैल आहेत हे तेथे कोणी विचारीत नसे. किती रोज लागतील हे विचारीत. निकडीच्या वेळी मार्गावर टप्प्याटप्प्याने ताजी माणसे ठेवीत. त्याला ‘डाक बसविणे’ म्हणत.

या पद्धतीत शहाणपण होते, तशी एक उणीवही होती. सांगणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे माप एकच असेल तरच ती चाले. दोघांच्या मनातले माप वेगळे असेल तर काय होते, याचा दाखला शोधावयास आपल्याला लांब जावे लागत नाही. भोकरदन आणि जाफराबाद यांच्यामध्ये आसई हे गाव आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी जनरल आर्थर वेलस्लीची लढाई झाली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. दोन दिवस आधी बदनापूर येथे वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट होऊन बेत ठरला, की दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी पुढे जावे आणि २४ तारखेस मिळून हल्ला करावा. शत्रू भोकरदनला आहे अशी हरकाऱ्यांची बातमी होती. बेताची सारी अंतरे त्या बातमीवरून मोजलेली होती. प्रत्यक्षात २३ तारखेची मजल मारून वेलस्ली मुक्कामी पोहोचतो तो शत्रू अवघ्या सहा मैलांवर असल्याचे त्याला कळले.

मग हरकारे खोटे बोलले काय? तसे नव्हते. वेलस्लीने स्वतःच पुढे याचा खुलासा केला आहे. शत्रूची उजवी बाजू भोकरदनला होती. भोकरदन हे मोठे ठिकाण, त्यामुळे भोवतालच्या मुलखालाही तेच नाव. डावी बाजू, म्हणजे पायदळ, होते आसईला, तेथून सहा-आठ मैलांवर. हरकाऱ्याने ‘भोकरदन’ म्हटले ते परगण्याच्या अर्थाने. साहेबाने ऐकले ते नकाशावरच्या एका ठिपक्याच्या अर्थाने. या सहा-आठ मैलांच्या फरकामुळे वेलस्लीला स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याच दिवशी लढावे लागले. लढाई तो जिंकला, परंतु त्याच्या बाजूची दीड हजारांहून अधिक माणसे जखमी किंवा ठार झाली. त्या काळी हरकारा हाच पत्र नेणारा असे आणि हाच बातमी आणणारा. त्याच्या भाषेतले अंतर आणि राज्यकर्त्याच्या भाषेतले अंतर यांतली ही दरी होती.

कंपनी ही दरी बुजविण्याच्या खटपटीला याआधीच लागली होती. सैन्य कोठून किती दिवसांत कोठे जाईल हे तिला कळावयास हवे होते. जेम्स रेनेल हा १७६७ मध्ये बंगालचा सर्व्हेयर जनरल झाला. बंगाल आणि बिहारमधील रस्त्यांचे वर्णन त्याने १७७८ मध्ये अंतरांसह प्रसिद्ध केले. सैन्य कूच करी तेव्हा बरोबरचा अधिकारी रस्ता मोजीत जाई, आणि असे मोजलेले मार्ग एकमेकांना जोडून नकाशा भरला जाई.

हे मोजण्याचे साधन अगदी साधे होते. एक मोठे चाक, त्याला दांडा आणि फेऱ्या मोजणारी घड्याळासारखी तबकडी. इंग्रजीत याला पेराम्ब्युलेटर म्हणत. इंग्लंडमध्ये रूढ असलेल्या अशा चाकाचा घेर ८ फूट ३ इंच, म्हणजे ९९ इंच असे. मैलाचे ५२८० फूट. भागून पाहिले तर बरोबर ६४० फेऱ्यांचा एक मैल होतो. एका माणसाने चाक ढकलीत चालावे, दुसऱ्याने डावी-उजवीकडची गावे, नाले, विहिरी टिपाव्यात, आणि मुक्कामी तबकडी वाचावी. साखळी टाकून मोजण्यापेक्षा हे काम कितीतरी लवकर होई.

पण चाकाचेही दोष आहेत. वाळूत किंवा चिखलात ते न फिरता घसरते, मग मैल कमी भरतात. दगडधोंड्यांवरून उड्या मारीत गेले तर मैल वाढतात. आणि लोखंडी पट्टा झिजला तर काय होते, याचा मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. घेर ९९ इंचांऐवजी ९८ इंच झाला, तर खऱ्या एका मैलात ६४० ऐवजी साधारण ६४६ फेऱ्या होतात. तबकडी बिचारी ६४० फेऱ्यांचाच मैल धरते. परिणामी शंभर मैलांचा रस्ता कागदावर एकशे एक मैल होतो. सैन्याच्या कामाला एका मैलाने फारसे बिघडत नाही. टपालात मात्र बिघडते; कसे ते पुढे येईलच.

याशिवाय चाक रस्त्याची लांबी सांगते, दोन गावांमधले सरळ अंतर सांगत नाही. रस्ता नदीचा उतार शोधीत जातो, डोंगराला वळसा घालतो. सरळ अंतर हवे तर दुसराच मार्ग धरावा लागतो. तो म्हणजे त्रिकोणांचा. एक पायारेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची आणि पुढे कोन मोजून त्रिकोणामागून त्रिकोण बांधीत जावयाचे. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ या कामाचा पाया घातला. वीस वर्षे तो हे काम करीत उत्तरेकडे सरकत आला आणि २० जानेवारी १८२३ रोजी वर्ध्याजवळच्या हिंगणघाट येथे मरण पावला. त्याच्या त्रिकोणांनी नकाशाला पक्के खुंट मिळाले, चाकाने मोजलेले रस्ते या खुंटांना बांधता येऊ लागले. पण हरकारा त्रिकोणाच्या बाजूवरून धावत नाही. तो रस्त्यावरून धावतो. म्हणून टपालापुरता मान चाकालाच राहिला.

शिवाय मोजावयाचे ते नेमके कोठून, हाही एक प्रश्न असतो. मुंबईत कोटातले सेंट थॉमस चर्च हे मूळ ठिकाण धरून मैलांचे दगड बसविले गेले. त्यांतले काही दगड मुंबईच्या गर्दीत अजूनही सापडतात. शहर कितीही पसरले तरी कागदावरची मुंबई त्या चर्चच्या दाराशीच सुरू होत असे.

आता टपालाकडे वळू. कंपनीची डाक आरंभी सरकारी कागदांसाठीच होती. वॉरन हेस्टिंग्जने १७७४ मध्ये ती लोकांना पैसे घेऊन खुली केली. दर होता शंभर मैलांना दोन आणे. या दोन आण्यांसाठी तांब्याचे बिल्लेही पाडण्यात आले होते. पुढे १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात पत्रे नेण्याचा मक्ता सरकारकडे घेतला गेला, आणि आकार वजन व अंतर या दोन्हींवर ठरू लागला. एक तोळा वजनाच्या पत्राला कलकत्त्याहून आग्ऱ्यास बारा आणे पडत, आणि कलकत्त्याहून मुंबईस चक्क एक रुपया.

असा दर लावावयाचा तर कोणत्याही दोन ठाण्यांमधले अंतर पोस्टमास्तरला बसल्या जागी कळावयास हवे. यासाठी मद्रास घोडदळातील कॅप्टन टेलर याने तक्ते तयार केले. इंग्रजीत त्यांना पॉलिमेट्रिकल टेबल म्हणतात. आपल्या जुन्या डायऱ्यांच्या मागे मोठ्या शहरांमधल्या अंतरांचा पायऱ्यापायऱ्यांचा त्रिकोणी तक्ता असे, तसलाच हा प्रकार. उभ्या ओळीत एक गाव, आडव्या ओळीत दुसरे, आणि दोन्ही जेथे मिळतात त्या चौकटीत अंतर. दिसावयास सोपा, करावयास कठीण. पन्नास ठाण्यांचा तक्ता करावयाचा तर १२२५ अंतरे लागतात; शंभर ठाण्यांचा करावयाचा तर ४९५०. इतके रस्ते कोणीही स्वतंत्रपणे मोजू शकत नाही. म्हणून लगतच्या दोन ठाण्यांमधले अंतर चाकाने मोजावयाचे आणि पुढची अंतरे बेरजेने काढावयाची.

बेरजेचा हा गुण आहे तोच तिचा दोष. समजा, एका रांगेत वीस ठाणी आहेत आणि बरोबर मधल्या टप्प्याची मोजणी दोन मैलांनी चुकली. मग अलीकडच्या दहांपैकी कोणतेही एक ठाणे आणि पलीकडच्या दहांपैकी कोणतेही एक ठाणे यांच्यामधले अंतर चुकणार. म्हणजे एका टप्प्यातली चूक तक्त्याच्या शंभर चौकटींत जाऊन बसते. दराचे टप्पे ठरलेले असतात. एखादे अंतर टप्प्याच्या सीमेवर असेल तर झिजलेल्या चाकाचा तो एक जादा मैल पत्राला वरच्या दरात ढकलतो. आणि हा आकार एकदा द्यावा लागत नाही, त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक पत्राला द्यावा लागतो.

मला या साऱ्या प्रकरणातली विचार करण्याजोगी गोष्ट हीच वाटते. हरकाऱ्याने कोस चुकीचा सांगितला तर त्याला विचारता येत होते, दुसऱ्या हरकाऱ्याशी ताडून पाहता येत होते, घासाघीस करता येत होती. छापील तक्त्याशी घासाघीस करता येत नाही. आकडा एकदा सरकारी चौकटीत बसला की मोजणाराही दिसेनासा होतो आणि त्याचे चाकही. पत्र घ्यावयास आलेल्या माणसाला एवढेच कळते, की इतके आणे पडतील. अंतर मोजले साहेबाच्या चाकाने, तोडले हरकाऱ्याच्या पायांनी आणि भरले पत्र घेणाऱ्याच्या कनवटीने.

हरकाऱ्यांबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. साधारण सहा ते आठ मैलांचा एक टप्पा असे. खांद्यावर थैली, हातात घुंगरू बांधलेला भाला किंवा काठी, रात्री वाटेत जनावराचे भय असेल तेथे सोबत मशालजी. आपला टप्पा संपला की थैली पुढच्याच्या खांद्यावर. टपाल आणि टप्पा हे शब्द शेजारी ठेवले की त्या धावण्याची लय कानी येते. तक्त्यातले आठ मैल उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आठच राहत. पायाखालचे आठ मैल तसे राहत नसत. आपल्या काळ्या मातीतून श्रावणात जो एकदा चालला असेल त्याला हे निराळे सांगावयास नको. पूर्णेला पूर आला की पलीकडचा काठ समोर दिसत असूनही एक दिवस लांब असतो. पण दर ठरविणाऱ्या तक्त्यात पुराला चौकट नव्हती.

हा सगळा डोलारा थोड्याच वर्षांत निकामी ठरला. त्याला धक्का देणारा विचार इंग्लंडात रोलंड हिल याने १८३७ मध्ये मांडला. त्याने टपालाचा खर्च बारकाईने तपासला. त्याला आढळले, की लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र वाहून नेण्याचा खर्च एका पेनीचा छत्तिसावा भागदेखील नाही. कारण एका थैलीत शेकडो पत्रे जातात. खरा खर्च होतो तो पत्र घेण्यात, निवडण्यात, त्याचा आकार ठरविण्यात, हिशेब ठेवण्यात आणि घरोघर पैसे वसूल करीत हिंडण्यात. म्हणजे अंतर मोजून पैसे घेण्याची पद्धत हीच एक मोठी खर्चाची बाब होती. इंग्लंडात १८४० पासून सर्वत्र एकच पेनी दर सुरू झाला.

हिंदुस्थानात १८५० मध्ये नेमलेल्या आयोगाने हीच शिफारस केली. त्याआधी साताऱ्यास काम केलेल्या बार्टल फ्रिअरने सिंधमध्ये १ जुलै १८५२ पासून अर्ध्या आण्याचे तिकीट चालू केलेही होते. डलहौसीच्या कारकिर्दीत १८५४ चा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व कंपनी सरकारच्या मुलखात अंतर न पाहता एकच दर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यास एक आणा, तोळ्यास दोन आणे. तिकीट न लावता पाठविले तर दुप्पट. ज्या एक तोळ्याच्या पत्राला कलकत्ता ते मुंबई सोळा आणे पडत, त्याला आता दोन आणे पडू लागले. आठवा हिस्सा! पोस्टमास्तरापुढचा अंतरांचा तक्ता गेला आणि नुसता तराजू राहिला. पुढे १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि तराजूचीही गरज उरली नाही.

या बदलात एक सामाजिक न्यायही होता. अंतराचा दर हा आडगावांवरचा कर होता. जो राजधानीपासून जितका लांब, त्याला खुशाली कळविणे तितके महाग. एकच दर झाला तेव्हा जवळ पत्र पाठविणाऱ्याने लांबच्या पत्राचा थोडा भार उचलला. परगावी नोकरीस वा पलटणीत गेलेल्या मुलाची खबर आईला ऐकावयास मिळणे हे त्यामुळे शक्य झाले.

तर मग अंतराचा प्रश्न सुटला काय? आपल्या जाफराबादपुरता तरी तो सुटला नव्हता. जाफराबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. १८५४ चा कायदा निजामाचा नव्हता. निजामाची स्वतःची टपाल होती. तिची तिकिटे १८६९ पासून निघाली आणि त्यांना मोल होते ते फक्त संस्थानाच्या हद्दीत. उलट आपल्या पूर्वेला काही कोसांवर वऱ्हाड सुरू होतो, आणि वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलेला. याचा अर्थ असा, की शेकडो मैलांवरच्या हैदराबादेस निजामाच्या तिकिटावर पत्र सरळ जाई, आणि एका दिवसाच्या चालीवर असलेल्या चिखलीस त्या तिकिटाचा उपयोग नसे. तिकडे सोयरीक केलेल्या माणसाला चिखली जवळ आणि हैदराबाद लांब. टपालाच्या लेखी मात्र हैदराबाद घरातले आणि चिखली परमुलखातली. पूर्वी दर मैलांनी ठरत होता, आता हद्दीने ठरू लागला. चाकाने मोजता येते ते अंतर कायद्याच्या एका फटक्याने पुसता आले. हद्दीने पाडलेले अंतर पुसावयास १९४८ साल उजाडावे लागले. हैदराबादची टपाल १९५० मध्ये भारतीय टपाल खात्यात विलीन झाली, तेव्हा कोठे जाफराबाद आणि चिखली टपालापुरती शेजारी झाली.

आणखी एक गंमत सांगून लेख पुरा करतो. आजही साध्या पत्राला अंतराचा दर नाही. शेजारच्या गावी पाठवा किंवा आसामात पाठवा, तिकीट एकच. परंतु १९८६ मध्ये सुरू झालेल्या स्पीड पोस्टच्या दरपत्रकात पाहावे. तेथे वजनाबरोबर किलोमीटरचे टप्पे पुन्हा हजर आहेत. ज्याला घाई आहे त्याच्यासाठी अंतर परत आले आहे. अजुरदार जोडीच्या वेळीही घाईचेच पैसे पडत होते, हे येथे आठवावे.

अंतर हे जमिनीत असते असे आपण समजतो. टपालाचा इतिहास वाचल्यावर वाटते, की त्यातले थोडेच जमिनीत असते. उरलेले चाकात असते, तक्त्यात असते, हद्दीत असते आणि खिशात असते. म्हणून कोणताही आकडा पुढे आला म्हणजे तो किती आहे हे पाहून थांबू नये. तो कोणी मोजला, कशाने मोजला आणि चूक झाली तर ती भरणार कोण, हे तीन प्रश्न आपण विद्यार्थ्यांनी विचारावयास शिकले पाहिजे. इतिहासाच्या अभ्यासाचा मला तरी हाच मोठा उपयोग वाटतो.